पींगाओ: न्यूझीलंडच्या पुळणीवरचं सोनेरी लव्हाळं. ते बागेत लावावं का?

रेवा | ८ जून, २१:४०

नमस्कार मंडळी.

बागकामाच्या या विभागात मी बहुतेक वेळा नुसती वाचायला येते. आज लिहायला बसले, कारण परवा पन्नासेक जणांच्या गटाबरोबर दिवसभर वाळूत गुडघे टेकून एका झाडाची रोपं लावली आणि अजून नखांतली वाळू निघालेली नाही. या झाडाला बघत बसावं असं फूल नाही, वास नाही. पानाच्या कडेवरून उलटं बोट फिरवलं तर करवतीसारखं लागतं. तरी गेली सहा वर्षं ते माझ्या डोक्यातून जात नाही.

मी क्राइस्टचर्चला राहते, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर. घरापासून पुळण सायकलने वीस मिनिटांवर. झाडाचं नाव पींगाओ. आपल्या लव्हाळ्याच्या, नागरमोथ्याच्या कुळातलं. शास्त्रीय नाव फिसिनिया स्पायरॅलिस. दक्षिणेकडच्या न्गाई ताहू लोकांच्या बोलीत त्या नावातल्या 'ङ'चा 'क' होतो, म्हणून आमच्याकडे त्याला पीकाओही म्हणतात. जगात ते फक्त न्यूझीलंडचं आहे: उत्तर बेट, दक्षिण बेट, तळाचं स्टुअर्ट बेट आणि पूर्वेला दूर समुद्रातली चॅटम बेटं. तिथेही समुद्राला लागून असलेल्या मोकळ्या वाळूवरच, भरतीच्या रेषेच्या जरा वर.

दोरखंडासारखी जाड खोडं वाळूवरून सरपटत जातात आणि त्यांवर ठिकठिकाणी ताठ पानांचे झुबके उभे राहतात. पान पन्हळीसारखं खोलगट. कोवळेपणी हिरवं, मग पिवळं, नारिंगी, शेवटी अगदी जुन्या सोन्यासारखं. फुलोरा म्हणजे देठाभोवती गोल जिना चढत जावा तसे तपकिरी गुच्छ. आमची पुळण पूर्वेला तोंड करून आहे. हिवाळ्यात सकाळी समुद्रातून सूर्य वर आला की पहिलं ऊन या पानांवर पडतं. ते मला शब्दांत सांगता येणार नाही.

माओरी कथा अशी आहे. आकाशपिता रांगी आणि भूमाता पापा यांची मुलं भांडली. ताने हा अरण्याचा देव आणि तांगारोआ समुद्राचा, दोघं सख्खे भाऊ. तानेला भांडण मिटवायचं होतं. त्याने स्वतःच्या भुवया उपटून भावाला भेट दिल्या. तांगारोआचा राग इतका की त्याने त्या किनाऱ्यावर परत फेकून दिल्या. त्या जिथे पडल्या तिथे उगवल्या. तोच पींगाओ. जमीन आणि समुद्र यांच्या मधोमध, आजही.

हे झाड आता कमी झालं आहे. अगदी शेवटची चार-दोन रोपं उरलीत असं नाही, पण सरकारी यादीत ते 'धोक्यातलं, घटत चाललेलं' या वर्गात आहे. गुरं, मेंढ्या, ससे यांनी खाल्लं. माणसांनी आगी लावल्या, वाळूत गाड्या घातल्या. आणि सगळ्यात मोठं कारण म्हणजे मॅरम नावाचं युरोपातलं गवत. वाऱ्याने उडणारी वाळू शेतांवर आणि रस्त्यांवर येते म्हणून एकोणिसाव्या शतकापासून ते इथे मुद्दाम लावलं गेलं. मॅरमने वाळू धरली खरी, पण इतकी घट्ट की मोकळी हलती वाळूच उरली नाही. विसाव्या शतकात या देशातल्या हलत्या वाळूच्या टेकड्या सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाल्या.

आता माझी गोष्ट. सहा वर्षांपूर्वी एका नर्सरीत पींगाओचं रोप दिसलं. लेबलवर लिहिलं होतं: सोनेरी पानं, काटक, पाणी कमी लागतं. कुठल्या किनाऱ्यावरच्या बियांचं, ते लिहिलं नव्हतं, आणि तेव्हा मला विचारायचं सुचलंही नाही. मी ते कौतुकाने आणलं आणि भरपूर कंपोस्ट घातलेल्या वाफ्यात लावलं. हिवाळ्यात पाणी साचलं आणि ते मुळातून कुजलं. दुसऱ्यांदा ट्रेलरभर वाळू आणून स्वतंत्र वाफा केला. दोन वर्षं झाड देखणं होतं, शेजारी थांबून विचारायचे. तिसऱ्या वर्षी मधूनच वाळायला लागलं. कीड नाही, रोग नाही, ऊन भरपूर. किनाऱ्यावर अनेक वर्षं लागवडीचं काम करणाऱ्या एका बाईंना मी घरी बोलावून दाखवलं. त्यांनी वाकून वाळूत हात घातला आणि म्हणाल्या, "तुझी वाळू हलत नाही."

त्या एका वाक्यापासून माझं बागकाम बदललं. त्यावर सविस्तर लिहीनच. आधी तुम्हाला विचारते: जे झाड फक्त अशाच जागी जगतं, ते दुर्मिळ आहे म्हणून घरोघरी लावावं का?


अनु_सातारा | ८ जून, २२:१५

भुवयांची गोष्ट मुलीला वाचून दाखवली. तिने विचारलं, समुद्राचा राग अजून गेला नाही का? पुढचं लवकर लिही, रेवा.


शेतीवाडी | ९ जून, ०६:३०

सकाळी सकाळी धागा वाचला. आमच्याकडे परभणीत लव्हाळा म्हटलं की पोटात गोळा येतो. हरळी, कुंदा आणि लव्हाळा, या तिघांनी आमच्या दोन पिढ्यांचं कंबरडं मोडलं. वर उपटला तर खाली गाठ राहते, त्या गाठीला दुसरी गाठ, अशी माळच असते. वडील नांगरट झाल्यावर उन्हाळ्यात गाठी वेचायला आम्हा भावंडांना शेतात बसवायचे. टोपलीभर गाठी बांधावर वाळत टाकायच्या. एक पाऊस झाला की परत जैसे थे.

त्याच कुळातलं एक झाड गुडघे टेकून लावावं लागतं आणि तरी जगत नाही, हे वाचून मी बराच वेळ थांबलो. असं का होतं ते सांगा.


निसर्गवेडा | ९ जून, ११:०५

शेतीवाडी, मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवतो, थोडं सांगतो. कूळ एक असलं तरी स्वभाव एक नसतो. आपला नागरमोथा नांगरलेल्या जमिनीचाच फायदा घेतो. गाठ तुटली की दोन झाडं. माणूस जितकी जमीन हलवेल तितका तो पसरतो, म्हणून जगभर गेला. पींगाओनेही हलणाऱ्या जमिनीवरच घर केलं, पण ती हलवणारा वारा आहे, आणि त्या जागेत खत नाही, स्पर्धा नाही. बाहेरून जोमदार सोबती आला की तो मागे पडतो.

नावाबद्दल: १८३२ मध्ये फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ आशील रिशार यांनी त्याचं पहिलं शास्त्रीय वर्णन केलं. पुढे ते डेस्मोस्कीनस या प्रजातीत ठेवलं गेलं आणि त्या प्रजातीत ही एकच जाती होती. २०१० मध्ये ते फिसिनियात आलं. फिसिनियाच्या बहुतेक जाती दक्षिण आफ्रिकेतल्या. म्हणजे या एकट्या बेटकऱ्याचे भाऊबंद महासागरापलीकडे निघाले.

गवत आणि लव्हाळं यांतला फरक ज्यांना बघायचा आहे त्यांनी ओढ्याकाठी जाऊन नागरमोथ्याचा देठ दोन बोटांत फिरवावा. तीन कडा लागतात. पेरं नसतात आणि आत भरीव असतं. गवताचा देठ गोल, पेरांचा आणि बहुधा पोकळ. पानंही लव्हाळ्यात तीन दिशांना निघतात, गवतात दोन.


जाई_लीड्स | ९ जून, १६:५०

माझ्या इथल्या बागेत न्यूझीलंडची दोन लव्हाळी आहेत. केरेक्स टेस्टेशिया, नारिंगी झाक असलेलं, आणि केरेक्स बुकॅनानी, जे पूर्ण तपकिरी असतं. दुसऱ्याबद्दल सासूबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "मेलेलं झाड का आणलंस?" आता त्याच हिवाळ्यात सगळ्यांना ते दाखवतात. दहिवर पडलं की फार सुंदर दिसतं. चिकणमातीत, पावसात, कसंही चालतं. मग पींगाओ का चालू नये? शिवाय जितक्या बागांत असेल तितकं ते सुरक्षित, नाही का? मला तरी बागायतदार हा दुर्मिळ झाडांचा मित्र वाटतो.

आणि मॅरमबद्दल वाचून चमकले. आमच्या इथल्या किनाऱ्यावर पाट्या आहेत, 'मॅरम गवतावर चालू नका, ते वाळूच्या टेकड्या वाचवतं'. शाळेतली मुलं येऊन लावतात.


रेवा | ९ जून, १९:३०

जाई, तुझ्या पाट्या खऱ्या आहेत आणि आमची तक्रारही खरी आहे. मॅरम तुमच्या किनाऱ्याचं घरचं झाड. तिथे त्याच्या जोडीला बाकी झाडं, किडे, बुरशी सगळं आहे. इथे त्याला अडवणारं कोणी नव्हतं. मॅरमची टेकडी उंच आणि उभ्या चढाची होते. पींगाओची बुटकी, पसरट, मध्ये मध्ये मोकळी जागा ठेवून. वादळात लाट उभ्या टेकडीला कापते तेव्हा कडा ढासळतो. पसरट उतारावरची वाळू लाटेबरोबर जाते आणि पुढच्या महिन्यांत परत येते. ती परत आली की धरायला पींगाओची दोरखंडं तिथेच असतात. पुरात झाडं जातात आणि लव्हाळी वाचतात हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मी ते डोळ्यांनी पाहिलं ते इथे.

तुझी दोन्ही केरेक्स बागेत नांदतात कारण त्यांचं घर वेगळं आहे. माळ, डोंगर, रानाची कड, साधी माती. पींगाओचं गणित वाळूवर उभं आहे. वारा वाळू आणून ओततो, झुबका अर्धा गाडला जातो. गाडलेल्या खोडाला नव्या वाळूत नवी मुळं फुटतात आणि शेंडा वर येतो. परत गाडला जातो, परत वर येतो. दरवेळी ते तरुण होतं. माझ्या वाफ्यात वाळू होती, पण ती आली तशी पडून राहिली. जुनी मुळं थकली आणि नवी फुटायला जागाच मिळाली नाही. मी पाणी, खत, सावली सगळं बदलून पाहत होते आणि झाडाला हवं होतं ते गाडलं जाणं.

सुरक्षिततेचा मुद्दा मला पटतो, पण अर्धा. समुद्रालगत घर असेल, कुंपणाबाहेर उडती वाळू असेल, तर बागेत जरूर लावावं. आत शहरात शोभेसाठी लावलं तर दोन-तीन वर्षांचा पाहुणा ठरतं. मग माणूस म्हणतो, हे झाड नाजूक आहे. पींगाओ नाजूक मुळीच नाही.


हर्षद_पुणे | १० जून, ०९:२०

मस्त माहिती. मला दुर्मिळ झाडं गोळा करायचा छंद आहे. थोड्या बिया पाकिटातून पाठवता येतील का? पुण्यात जमलं नाही तर अलिबागला आमची जागा आहे, समुद्राला अगदी लागून.


रेवा | १० जून, १३:१०

हर्षद, नाही पाठवणार. रागावू नका. एक तर परदेशातून बी आणायला परवाना आणि तपासणी लागते, पाकिटातून गुपचूप पाठवणं बेकायदेशीर आहे. पण तो नियम नसता तरी मी पाठवलं नसतं. कोकणच्या उन्हापावसात ते मेलं तर बी वाया. आणि समजा जगलं, फोफावलं, तर आज मॅरमबद्दल मी जे लिहिते ते पन्नास वर्षांनी कोणी पींगाओबद्दल लिहील.

इथे तर आम्ही एका किनाऱ्याचं बी दुसऱ्या किनाऱ्यावरही नेत नाही. जिथे लावायचं त्याच्या आसपासचंच बी घ्यायचं. उत्तरेकडचा पींगाओ आणि दक्षिणेकडचा यांची ठेवण वेगळी असते. कुठे लांब सरपटतो, कुठे जागच्या जागी दाट झुबका करतो. माझं पहिलं रोप कुठलं होतं हे मला आजही माहीत नाही, आणि याची मला खरंच खंत आहे.


हर्षद_पुणे | १० जून, १३:४५

रागावलो नाही. हा विचार केलाच नव्हता. मग अलिबागच्या वाळूत काय लावू, तेही कोणी सांगा.


माडबन | १० जून, २१:३०

हर्षद, मर्यादवेल लाव. दुसरं काय!

मी सिंधुदुर्गातला. रेवाताई, तुमचा धागा तीनदा वाचला. आमच्या लहानपणी पुळण सुरू व्हायच्या आधी मर्यादवेलीचा पट्टा लागायचा. आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली जाड पानं आणि जांभळी फुलं. समुद्राने इथवरच यावं, अशी मर्यादा घालणारी वेल, असं आजी सांगायची. पट्ट्यामागे केवड्याची बनं, मग माड. वेलीवर पाय देऊन खाली उतरलो तर आजी ओरडायची.

मग सुरूची लागवड झाली. सुरू हे आपल्या किनाऱ्याचं झाड नव्हे. वारा अडला हे खरं, पण त्याच्या काड्यांची इतकी जाड गादी पडते की खाली काही उगवत नाही. त्यानंतर पर्यटन आलं. आता पुळण 'स्वच्छ' करायची म्हणून ट्रॅक्टर फिरवतात, त्यात वेलही ओढली जाते. आणि जिथे वाळू सुटायला लागली तिथे दगडांचे धूपप्रतिबंधक बंधारे. काल रात्रीपासून समुद्र खवळलाय, इथे बसून बंधाऱ्यावर लाट आदळल्याचा आवाज ऐकतोय. बंधाऱ्यापुढची वाळू दर पावसाळ्यात जाते, दिवाळीपर्यंत थोडी परत येते, पण लहानपणी यायची तेवढी येत नाही.

तुमच्याकडे लोक पन्नास-पन्नासच्या गटाने लावायला येतात, त्यांना कोण बोलावतं? आणि लावतात कसं, ते नीट सांगा.


स्नेहल_चेन्नई | ११ जून, १०:००

ताने देवाच्या भुवया वाचल्या आणि इथल्या किनाऱ्यावरची रावणाची मिशी आठवली! तमिळमध्ये 'रावणन् मीसै'. स्पिनिफेक्स नावाचं टोकदार गवत आहे, वाळूवर लांब पसरतं. त्याची काटेरी गोल कणसं सुटून वाऱ्याबरोबर पुळणीवरून घरंगळत जातात, मुलं त्यांच्यामागे धावतात. दोन टोकांच्या दोन किनाऱ्यांवर वाळू धरणाऱ्या झाडाला कोणाच्या तरी चेहऱ्यावरच्या केसांचं नाव मिळावं, हे किती छान आहे.

आणखी एक. इथे तिरुनेलवेलीजवळ पत्तमडै गावात कोरै नावाच्या लव्हाळ्याच्या चटया विणतात. काडी भिजवून, चिरून इतकी बारीक करतात की चटई रेशमासारखी घडी होते. लग्नात नवरा-नवरीची नावं विणून देतात. पींगाओचं विणकाम करतात का कोणी?


रेवा | ११ जून, २०:५०

स्नेहल, रावणाची मिशी वाचून आनंद झाला. इथेही स्पिनिफेक्सची एक देशी जात आहे, मुख्यतः उत्तर बेटावर. तिची कणसंही अशीच घरंगळतात. पींगाओ आणि ती, दोघं मिळून वाळू धरतात.

विणकाम तर आहेच, आणि पींगाओ टिकून राहिला त्यात विणणाऱ्यांचा मोठा हात आहे. पान वाळलं की सोनेरी पिवळं होतं, रंग द्यावा लागत नाही. त्याच्या केते म्हणजे पिशव्या, टोप्या, चटया होतात. माओरी सभागृहांत भिंतींवर तुकुतुकु नावाचे जाळीचे फलक असतात. पांढरी पट्टी किएकिए नावाच्या वेलीची, पिवळी पींगाओची, काळी चिखलात रंगवलेली. फलक उभा ठेवून दोघीजणी दोन बाजूंना बसतात, एकीने पट्टी आरपार सारायची, दुसरीने ओढून परत द्यायची. मी एकदा मागच्या बाजूला बसले होते. समोरचा माणूस दिसत नाही, फक्त त्याची बोटं दिसतात.

पान काढायची रीत आहे. बाहेरची पानं घ्यायची, मधला कोंब कधीही नाही. आमच्यापासून दक्षिणेला काइटोरेते नावाचा वाळू-गोट्यांचा पंचवीसेक किलोमीटर लांब पट्टा आहे, एका बाजूला खारं सरोवर, दुसऱ्या बाजूला समुद्र. देशातला पींगाओचा फार मोठा साठा तिथे उरला आहे. १९९८ मध्ये न्गाई ताहू आणि सरकार यांच्यात जमिनीच्या जुन्या अन्यायाबद्दल जो तोडग्याचा कायदा झाला, त्यात या लोकांच्या ठेव्यातल्या झाडांची आणि पक्ष्यांची यादी आहे. पींगाओ त्या यादीत आहे. लव्हाळ्याचं नाव कायद्यात! मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

माडबनकाका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर सवडीने देते, ते महत्त्वाचं आहे.


शेतीवाडी | ११ जून, २१:१५

कायद्यात नाव! वडिलांना सांगतो. नागरमोथ्यालाही वैद्यांकडे मान आहेच म्हणा. ताप, पोट, उटणं, सगळ्यात लागतो. आम्ही गाठी विकल्याही आहेत एका साली.


रेवा | १३ जून, २२:०५

माडबनकाका, सांगते.

बोलावणारे स्थानिक गट असतात. शाळा, निवृत्त लोक, जवळपासच्या माओरी वस्तीतली मंडळी, आणि नगरपालिकेचे किनारा बघणारे कर्मचारी. कोणी रोपं देतं, कोणी फावडी आणतं.

बी डिसेंबर-जानेवारीत धरायचं, म्हणजे इथला उन्हाळा. कणीस तपकिरी झालं आणि चोळल्यावर दाणे सहज सुटले तर तयार. दाणा टपोरा, गडद, चकचकीत. एका झाडाचं सगळं घ्यायचं नाही, बऱ्याच झाडांचं थोडं थोडं घ्यायचं. ताजंच पेरायचं. उगवण एकसारखी होत नाही, काही दाणे आठवड्यांनी येतात, काही फार उशिरा. ट्रे फेकून द्यायची घाई करू नये, हे मी एक ट्रे गमावून शिकले. मग उंच, अरुंद कप्प्यांत एकेक रोप. वर्षभरात लावण्याजोगं होतं.

लागवड थंडीत, जून ते ऑगस्ट, वाळू ओली असताना. भोक खोल करायचं आणि रोप कुंडीत होतं त्यापेक्षा बरंच खाली गाडायचं. वरची वाळू लवकर वाळते, ओल खाली असते. बागेत आपण नेमकं उलट शिकलेलो असतो, की देठ गाडू नये. पहिल्यांदा लावताना माझा हात थांबत होता. मुळाशी सावकाश विरघळणारी खताची एक गोळी. दोन रोपांत साधारण हातभर अंतर. समुद्राकडच्या तोंडावर लावायचं, मागे नाही. मागे वाळू पोचत नाही. मग सशांपासून राखायचं, कोवळं रोप त्यांना फार आवडतं. माणसांसाठी एक ठरावीक पायवाट करून दोरी बांधायची. तेवढ्या दोरीने सगळ्यात जास्त फरक पडतो.

मॅरम काढायचं काम वेगळं आणि जिकिरीचं. स्टुअर्ट बेटावर मेसन बे नावाची लांबलचक निर्जन पुळण आहे. तिथे गेल्या शतकाच्या अखेरीपासून निसर्गसंरक्षण खातं मॅरम हटवतं आहे. जिथून ते गेलं तिथे वाळू परत हलायला लागली आणि पींगाओ आपणहून पसरला.

आणि ही वाळू हलती ठेवायची ती एकट्या पींगाओसाठी नव्हे. त्याच्या झुबक्यांखाली काटिपो नावाचा कोळी राहतो. काळा, पाठीवर लाल पट्टा, ऑस्ट्रेलियातल्या विषारी लालपाठ्या कोळ्याचा जवळचा नातेवाईक. विषारी आहे, पण अतिशय बुजरा. आणि आता इतका कमी झाला आहे की २०१० पासून त्याला कायद्याने संरक्षण आहे. मॅरमच्या दाट गादीत त्याला जाळं विणायला जागा सापडत नाही. माडबनकाका, तुमच्याकडच्या कासवांनाही अंडी घालायला मोकळी वाळूच लागते ना?


माडबन | १४ जून, ०७:१०

लागते. कासवीण रात्री वर येते, वाळू चाचपते, आणि मनासारखी नसली तर तशीच परत जाते. मी पाहिलं आहे.

खोल गाडायचं हे लिहून घेतलं. मर्यादवेलीचे तुकडे पाऊस लागल्यावर सहज लागतात, दोन-तीन पेरं वाळूत गेली पाहिजेत. वाडीतल्या चार पोरांना घेऊन बंधारा संपतो तिथे लावून बघतो. दोरीचं पटलं. ट्रॅक्टरवाल्याशी मी स्वतः बोलेन.


जाई_लीड्स | १४ जून, १८:२०

रेवा, तू विचारलेल्या प्रश्नावर माझं मत बदललं नाही, पण थोडं सरकलं. मी अजूनही म्हणेन की बागेत असू दे. फक्त लेबलवर खरं लिहिलेलं असावं: हे झाड कुठल्या किनाऱ्याचं, त्याला काय लागतं, आणि तुमच्याकडे ते नसेल तर त्याऐवजी कोणतं लव्हाळं घ्या.


रेवा | १४ जून, २०:००

जाई, हे मी मनापासून मान्य करते. आणि बागेचा दुसरा उपयोग मला सापडला आहे, तो राहिलाच सांगायचा. तो वाळूचा वाफा मी मोडला. त्या जागी आता मांडव आहे आणि खाली रोपांचे ट्रे. माझ्या अंगणात पींगाओ वर्षभर राहतो आणि मग घरी जातो. परवाच्या लागवडीत ३८ रोपं माझी होती. लेकीला सासरी पाठवतात असं म्हणणार होते, पण हे तर माहेरी पाठवणं झालं.


निसर्गवेडा | १५ जून, १०:४०

रेवा, हा धागा मी विद्यार्थ्यांना वाचायला देतो आहे. एक भर: आपल्या तळ्यांत आणि कुंड्यांत सगळीकडे दिसणारा 'अम्ब्रेला पाम' पाम नाहीच, तेही लव्हाळं. सायपेरस. मूळ आफ्रिका-मादागास्करकडचा. त्याला फक्त पाय ओले हवेत, म्हणून तो नाशिकपासून नागपूरपर्यंत कुठेही राहतो. त्याची आणि पींगाओची तुलना हा पुढच्या सत्रातला प्रकल्प.


माडबन | ९ जानेवारी, २०:१५

जुना धागा वर काढतोय. जूनमध्ये लावलेल्या मर्यादवेलीच्या ६० तुकड्यांपैकी २२ जगले. ऑगस्टच्या उधाणात अर्धे गेले, काही गुरांनी खाल्ले. पण जे आहेत ते वावभर पसरले आणि आज पहिली फुलं आली. वेलीच्या मागच्या अंगाला बोटभर उंचीचा वाळूचा वरंबा धरलाय. पोरं रोज मोजतात. ट्रॅक्टरवाला दोरीच्या अलीकडून वळतो.


रेवा | १० जानेवारी, १४:३०

काका, तुमचा संदेश पुळणीवर उभी राहून वाचला, बी धरायलाच आले होते.

आमची पुढची ओळ सप्टेंबरच्या वादळात गेली, माझी रोपं धरून. मागच्या दोन ओळी आहेत. कापल्या गेलेल्या वाळूच्या कडेला एका जुन्या पींगाओचं खोड हवेत लोंबत होतं, माझ्या उंचीएवढं, दोरीसारखं. आज त्याचं खालचं टोक परत आलेल्या वाळूत गाडलं गेलं आहे आणि त्यातून तीन कोंब वर आलेत, हिरवे. त्याची कणसं मी घेतली नाहीत. शेजारच्या झाडांचं मूठभर बी घेतलं, आज संध्याकाळी पेरते.